अडीच तोळ्यांत कोल्हापुरी साज: लहान करायचा की कमी करायचा?

प्रश्न विचारणाऱ्या ताई इचलकरंजीच्या आहेत. त्यांनी पुण्यात दागिन्यांच्या डिझाइनचा कोर्स केलाय. आजीचा साज साडेचार तोळ्यांचा आहे आणि धाकट्या बहिणीच्या लग्नात तसाच साज अडीच तोळ्यांत बसवायचाय. त्यांनी जुना साज मोजून कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या चित्रात, हुबेहूब उतरवला, सगळाच्या सगळा ७० टक्के केला आणि कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, दाखवला. कारागिरानं बघितलं आणि "करून देतो, पण साज वाटायचा नाही" म्हणाला. का, ते सांगितलं नाही. आता ताई विचारतायत की सोनारांकडं सौंदर्याचा काही विचार असतो, का पिढ्यान्‌पिढ्या त्याच ठशातून काढत आलो म्हणून तेच बरं दिसतं?

विचार असतो. फक्त तो शब्दांत मांडायची आमच्या धंद्यात रीत नाही. कडी कुठं झाळायची (तापवून जोडायची), पत्रा किती ठेवायचा, कुठली रेघ खोल घ्यायची आणि कुठली सोडून द्यायची, यातच तो सगळा असतो. कारागीर "वाटायचा नाही" एवढंच बोलला, तरी त्याच्या डोक्यात निदान चार कारणं असणार. ती मी उलगडून सांगतो. काही गोष्टी मात्र तुमच्यावर ठरतात: साज सणासुदीला घालणार की रोज, गळ्यात त्याच्यावर ठुशी असणार की एकटा साज, आणि तुमच्या कारागिराकडं कुठले ठसे आहेत. याची उत्तरं बदलली की खालची मापंही थोडी बदलतील.

आधी तोळा म्हणजे किती ते ठरवून घ्या. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज दुकानात बहुतेक ठिकाणी १० ग्रॅमला तोळा म्हणतात. अडीच तोळे म्हणजे एका हिशेबानं २५ ग्रॅम, दुसऱ्या हिशेबानं २९. हा चार ग्रॅमचा फरक या कामात फार मोठा आहे. मी २५ धरून चालतो. शिवाय आजीच्या साजाचं साडेचार तोळे हे वजन लाखेसकट आहे का तेही बघा. साजात ओवलेल्या नक्षीदार तुकड्यांना पानं म्हणतात, ती आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरतात. २१ पानांच्या साजात पाच-सात ग्रॅम लाख सहज असते.

आता पहिलं कारण, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. कॅडचं चित्र ओतकामासाठी असतं आणि साज हे पत्र्याचं काम आहे. ओतकामात २२ कॅरेटची भिंत साधारण ०.८ मिलिमीटरच्या खाली नेली की सोनं साच्याच्या कडेपर्यंत पोचायच्या आत गोठायला लागतं. तुम्ही सगळं ७० टक्के केलंत तेव्हा भिंतही ७० टक्के झाली, म्हणजे ०.८ ची ०.५६. पडद्यावर काही कळत नाही, ओतल्यावर पानाच्या टोकाला भोक पडलेलं दिसतं. भिंत परत ०.८ केली तर वजन वाढतं. हिशेब करून बघा: २२ कॅरेटची घनता साधारण १७.७. एक चौरस सेंटिमीटरचं पान ०.८ मिमी जाडीनं नुसतं समोरून, पाठ न लावता केलं तरी १.४२ ग्रॅम. २१ पानांचे ३० ग्रॅम. संपले अडीच तोळे, आणि पानांच्या मध्ये ओवायचे जवाच्या आकाराचे जवमणी अजून यायचेत.

तेच पान ठशातून पत्रा दाबून केलं, समोरचा पत्रा ०.२ आणि पाठीचा ०.२, तर दोन्ही मिळून ०.७१ ग्रॅम. म्हणजे निम्म्या सोन्यात दोन्ही बाजू बंद, आत लाख, हाताला भरीव लागणारं पान. ही पोकळी वजन चोरायची युक्ती नाही. थोड्या सोन्यात मोठा, फुगीर, उजेड धरणारा पृष्ठभाग मिळवायचा हाच साजाच्या घडणीचा पाया आहे. ज्याला पत्र्यात विचार करता येत नाही त्याला साज काढता येईल, पण घडवता येणार नाही. तुम्हीही आता चित्र काढताना दर पानाला तीन गोष्टी विचारा: एका दिशेनं दाबून हा आकार ठशातून सुटेल का, कुठं आत वळलेली कड आहे का, आणि उठाव किती आहे. ०.२ च्या पत्र्याला अडीच-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उठाव एका दमात दिला तर तो फाटतो. तेवढा हवाच असेल तर मध्ये पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवून परत नरम करावा लागतो.

पत्र्याच्या जाडीचं एक सांगतो, कारण नवीन मंडळी समोर आणि पाठीला सारखाच पत्रा लावतात. समोर ०.२५ आणि पाठीला ०.१५ घ्या. बेरीज तीच ०.४, वजन तेच. पण झीज समोर होते, पाठ अंगाला टेकलेली असते. पाठीला आत लाखेचा आधार असतो, त्यामुळं ०.१५ पुरतो. मात्र त्याच्या खाली जाऊ नका. अंगठ्यानं दाबलं तरी पोचा येतो आणि आतली लाख तडकते.

दुसरं कारण प्रमाणाचं. साज साज दिसतो तो पान आणि जवमणी यांच्या आळीपाळीमुळं. परंपरेनं २१ पानं धरतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगळांची, दोन माणिक आणि पाचूची, आणि एक डोरलं. मासोळी, कासव, शंख, चंद्र, कमळ, बेलपान, भुंगा, नाग, वाघनख ही त्यातली ओळखीची पानं, आणि मध्ये पानडी. कुठलं पान कुठं हे घराघरांत थोडं बदलतं, त्यावरून भांडू नये. पान नक्षीनं भरलेलं असतं आणि जवमणी अगदी साधा, गुळगुळीत. नजर पानावर थांबते, जवावरून सरकते, पुढच्या पानावर थांबते. नवीन डिझाइनमध्ये जवमण्यांवरही रेघा आणि टिपके काढलेले दिसतात. तसं केलं की नजरेला सरकायला जागाच राहत नाही आणि तीन हातांवरून सगळा साज पिवळ्या खडीसारखा दिसतो. माझं मत विचाराल तर जवमण्यावर एक रेघसुद्धा नको.

आता ७० टक्क्यांत काय होतं बघा. समजा जुन्या साजात पान १० मिलिमीटर रुंद आहे, त्याची ओवायची नळी ५ मिमी आणि जवमणी ८ मिमी लांब. २१ पानं आणि मधल्या २० जागांत एकेक जव म्हणजे समोरची कमान साडेसव्वीस सेंटिमीटर. ती एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत जाते. ७० टक्क्यांत हीच कमान साडेअठराची होते, पान ७ मिमीचं होतं, जव साडेपाचाचा. मोठ्या बाईच्या गळ्यात हा साज लहान मुलीचा मागून आणल्यासारखा दिसतो. वर मासोळीचे खवले एकमेकांत मिसळतात. छिन्नीनं मारलेल्या दोन रेघांत ०.३ मिमीपेक्षा कमी जागा राहिली की उजाळा देताना ती भरून जाते, आणि मासा आहे का पान आहे तेच कळत नाही.

म्हणून लहान करायचं नाही, कमी करायचं. पानं २१ ऐवजी १३ घ्या. हल्ली १०-१२ पानांचे साज सर्रास होतात, त्यात कोणाला गैर वाटत नाही. मी विषम संख्या सुचवतो, म्हणजे पानडी बरोबर मध्ये येते. १३ पानांच्या मध्ये १२ जागा. प्रत्येक जागेत एकाऐवजी दोन जवमणी ओवा: १३ नळ्यांचे ६५ मिमी आणि २४ जवांचे १९२ मिमी, म्हणजे जवळजवळ २६ सेंटिमीटर. कमान आजीच्या साजाएवढीच राहिली. पण पानांमधली फट आता तीन मिलिमीटरवरून अकरावर गेली, त्यामुळं साज विरळ दिसेल. त्यावर उपाय म्हणजे पान लहान न करता उलट १२ मिमीचं करा. वजन कमी करायला निघून पान मोठं करायचं हे उलटं वाटेल, पण आकडे मांडून बघा:

पानाचं क्षेत्र साधारण १.४ चौरस सेंटिमीटर, दोन्ही पत्रे मिळून ०.४ मिमी, म्हणजे एक पान एक ग्रॅमला किंचित कमी. १३ पानांचे १३ ग्रॅम. जवमणी ०.१५ च्या पत्र्याचा, सुमारे ०.१९ ग्रॅमचा, २४ चे साडेचार. नळ्या, कड्या, टोकांचे तुकडे तीन ग्रॅम. पानडी इतर पानांपेक्षा मोठी, तिचे जादा दीड-दोन. झाले साडेबावीस. उरलेले अडीच ग्रॅम झाळ आणि जिथं पत्रा थोडा जाड ठेवावासा वाटेल तिथं. सोन्याची साखळी मागं लावली तर मात्र हा हिशेब कोलमडतो, कारण ती एकटीच आठ-दहा ग्रॅम खाते. मागचा भाग केसांखाली आणि पदराखाली जातो. तिथं पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात गाठवून देणाऱ्याकडून) रेशमी दोऱ्याचा गोफ करून घ्या. जुन्या दागिन्यांना गोंड्याचा दोरा असायचा, तो काही सोनं परवडत नव्हतं म्हणूनच नव्हे. दोऱ्यानं उंची हवी तशी वरखाली करता येते. बहीण साजावर ठुशी घालणार असेल तर ठुशीच्या खालच्या कडेपासून साजाच्या वरच्या कडेपर्यंत चार-पाच सेंटिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. साखळीत हे अंतर एकदा चुकलं की चुकलंच.

तिसरं कारण चित्रात कधीच दिसत नाही: पान लटकतं कसं. कड्या किंवा नळी पानाच्या पाठीच्या पत्र्याला, वरच्या कडेजवळ झाळलेली असली की पानाचा भार नळीच्या पुढं येतो, खालचं टोक अंगाकडं दाबलं जातं आणि पान छातीवर सपाट बसतं. नळी पुढच्या बाजूला आली तर उलट होतं. टोक अंगापासून उचललं जातं, पदर त्यात अडकतो आणि पान पालथं पडतं. नळी वरच्या कडेपासून फार खाली आली तरी पान पालथं पडतं, कारण निम्मा भार दोऱ्याच्या वर जातो. अरुंद गोल कडीपेक्षा पाच मिमीची नळी बरी. कडीवर पान गिरकी घेतं, नळीवर घेत नाही. हलक्या साजात हे जास्त सांभाळावं लागतं. भारी पान वजनानं आपोआप जागेवर येतं, एक ग्रॅमचं पान येत नाही. तुमच्या कॅडमध्ये नळी पानाच्या जाडीच्या मधोमध असणार, कारण समोरून बघताना तिथंच ती नीट दिसते. कारागिराला बहुधा हेच पहिल्यांदा दिसलं असेल.

चौथी गोष्ट झिजेची. दागिना घडवताना तो नवा कसा दिसतो यापेक्षा दहा-पंधरा वर्षं वापरल्यावर कसा दिसेल ते आधी बघावं. उठावाचा सगळ्यात वरचा बिंदू कापडावर घासून आधी झिजतो. मासोळीचा डोळा हा जर सर्वांत उंच टिपका ठेवला तर काही वर्षांत मासा आंधळा होतो. डोळा थोडा खोलात घ्यायचा आणि पोटाचा फुगवटा वर ठेवायचा. पोट जितकं घासतं तितकं चमकतं, त्याला झीज मानवते. कासवाच्या पाठीचंही तसंच, चौकटींमधल्या रेघा खोल आणि चौकटी फुगीर. नागाच्या फण्यावरची रेघ अर्ध्यातच सोडलेली बरी, कारण फण्याची कड सगळ्यात आधी उघडी पडते. म्हणूनच सगळ्या पानांना मशीनवर एकसारखी झळाळी मारू नये. बफ (झळाळी द्यायचं फिरतं चाक) रेघांच्या कडा गोल करून टाकतो. उंच जागांना ओपणीनं (घासून चमकवायच्या गुळगुळीत हत्यारानं) हातानं ओप द्यायचा आणि खोलगट जागा मंद ठेवायच्या. घडण त्या दोहोंच्या फरकातून दिसते.

आता करताना क्रम कुठं चुकतो ते. पत्रा ठशात बसवायला वरून शिशाचा तुकडा ठोकतात. शिसं मऊ असल्यानं पत्रा कानाकोपऱ्यात जातो. पण सोन्याला चिकटलेला शिशाचा कण पुढं झाळताना तापला की सोनं तिथं ठिसूळ होतं, खड्डा पडतो, कधी आरपार भोक. म्हणून मध्ये पातळ तांब्याचा पत्रा किंवा कागद ठेवतात, आणि तरीही तापवायच्या आधी पान सौम्य नायट्रिकमध्ये धुऊन काढतात. घाईच्या कामात हीच पायरी गाळली जाते. मग समोर आणि पाठ झाळताना पाठीला बारीक भोक ठेवतात. ते नसेल तर आतली हवा तापून फुगते आणि जोड उसवतो. याच भोकातून नंतर लाख भरली जाते. लाखेत विटेची बारीक पूड मिसळतात, म्हणजे ती थिजताना फार आक्रसत नाही.

लाख भरल्यावर पान आगीजवळ न्यायचं नाही. ती ऐंशीच्या आसपासच मऊ व्हायला लागते, आणि झाळ सातशे-आठशे अंशांच्या घरातली. म्हणून सगळी झाळकामं, आम्लात उकळणं, आणि रंग चढवणं लाखेच्या आधी संपवायला लागतं. मीठ, तुरटी आणि सोऱ्याच्या मिश्रणात दागिना उकळून रंग चढवतात ती जुनी पद्धत. त्यात वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि निखळ सोन्याचा मंद पिवळा थर वर राहतो. रंगाबद्दल बोलायचं तर मिसळीचं, म्हणजे सोन्यात घालायच्या तांबं-चांदीचं, प्रमाण आधीच ठरवा. १० ग्रॅम शुद्ध सोन्यात सुमारे ०.९२ ग्रॅम मिसळ घातली की ९१६, म्हणजे २२ कॅरेट, होतं. त्यातलं तांबं वाढवलं तर लालसर आणि कडक, चांदी वाढवली तर फिकट हिरवट पिवळं आणि मऊ. साजाला तांबं जास्त असलेली मिसळ शोभते, आणि पातळ पत्र्याला तिचा कडकपणाही उपयोगी पडतो. फार वाढवलं तर मात्र खोल उठावात पत्रा चिरतो.

रोज वापरायचा असेल तर १८ कॅरेट घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. टिकायला बरं, पण खोल ठशात तो हट्टी असतो आणि रंग साजाचा राहत नाही. मी जोडाच्या कड्या जरा जाड ठेवून, ०.८ मिमी तारेच्या, २२ मध्येच करेन.

आजीचा साज मोडून त्यातून करायचा विचार असेल तर तो सोडा असं मी म्हणेन. भावनेचा भाग तुम्ही बघून घ्या, मी हिशेब सांगतो. जुन्या झाळेत चांदी-तांबं जास्त असायचं, आणि २१ पानांत जोड शेकड्यानं. सगळं आटवल्यावर कस ९१६ च्या खाली उतरतो. कस मोजायच्या यंत्रावर ठेवून बघितलं तरी फसाल, कारण ते यंत्र वरचा अगदी पातळ थर वाचतं, आणि रंग चढवलेल्या दागिन्याचा वरचा थरच सगळ्यात शुद्ध असतो. खरा कस आटणीनंतरच कळतो. शिवाय तो साज अखंड राहिला तर कारागिराला नमुना म्हणून हातात देता येईल. पानाच्या पाठीवर बोट फिरवून त्याला जे कळतं ते तुमच्या फाइलमधून कळायचं नाही.

कारागिराकडं परत जाताना थोडक्यात हे घेऊन जा: पान १२ मिमी, संख्या १३, दर जागेत दोन जव, समोर ०.२५ आणि पाठ ०.१५, नळी पाठीला, मागं गोफ. कॅडचा उपयोग नवीन ठसा कोरायला करा. आजीच्या साजातलं एखादं पान त्याच्या ठशांत नसेल तर तेवढाच ठसा पितळेत कोरून घेता येतो, तेरा ठसे करायची गरज नाही. घडणावळ ओतकामापेक्षा जास्त सांगेल. ती द्या, कारण वाचलेलं सोनं त्याच्याच हातानं वाचलंय.

व्यवहाराचं एकच: लाख भरण्याआधी सगळी पानं आणि जव तुमच्यासमोर वजन करून घ्या, आणि तेच निव्वळ वजन बिलावर लिहून घ्या. हॉलमार्क एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरी एचयूआयडीसकटच (दर दागिन्याच्या वेगळ्या ओळखक्रमांकासकटच) चालतो, तो नंबर बीआयएसच्या ॲपवर घालून बघा. लग्नानंतर साज गरम पाण्यात किंवा अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायला देऊ नका, लाख सुटते. कोमट साबणपाणी, मऊ ब्रश आणि लगेच कोरडं कापड पुरे. दोरा मात्र घामानं कुजतो, वर्ष-दोन वर्षांनी बदलायलाच लागतो. पटवेकऱ्याकडं देताना साज सरळ पसरून त्याचा फोटो काढून ठेवा. परत गाठवताना पानांचा क्रम हमखास इकडंतिकडं होतो.